दोन रॅकची सर्व्हर रूम: वीज, अर्थिंग, केबल आणि एसी कोणत्या क्रमाने बसवायचे

नाशिकमध्ये अंबड-सातपूरचा कारखाना असो, कॉलेज रोडचं हॉस्पिटल असो की एखाद्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय, सर्व्हर रूमचं काम तिघांत वाटलेलं असतं. विजेचं वायरमन बघतो, गारव्याचं एसीवाला आणि डेटा केबलचं नेटवर्कवाला. तिघंही आपापल्या कामात तयार असतात. पुढे जे बिघडतं ते बहुतेक वेळा तिघांच्या मधल्या जागेत: एसीचा ड्रेन पाइप रॅकच्या डोक्यावरून गेलेला, डेटाची केबल मोटारीच्या केबलशेजारी एकाच ट्रेमध्ये झोपलेली, यूपीएसच्या आउटपुटचा न्यूट्रल नेमका कुणी बघायचा हे कुणीच ठरवलेलं नाही. म्हणून इथे कामाचा क्रम सांगतो आणि प्रत्येक टप्प्यावर ही मधली जागा कुणाच्या गळ्यात घालायची तेही.

उदाहरणाला एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्याचं ऑफिस घेऊ. दोन रॅक, तीन सर्व्हर, कॅमेरे, ईआरपी (कारखान्याचा हिशेब-साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर). टीआयए-९४२ सारखी मोठ्या डेटा सेंटरची मानकं इथे जशीच्या तशी लावणं परवडणार नाही आणि गरजही नाही. पण डेटा सेंटरना दर्जा देणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या टियर ३ मागचा विचार मात्र उचलावा: काम चालू ठेवून कोणताही एक भाग दुरुस्तीला काढता आला पाहिजे. एक यूपीएस, एक एसी, एक केबल, यातलं काहीही काढलं तरी ईआरपी चालू.

पहिला टप्पा: खोली निवडणं

जिन्याखालची रिकामी जागा किंवा तळघर सर्व्हरला देण्याची आपल्याकडे सवय आहे. गावठाणात असाल तर आधी पुराची रेषा बघा. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर पूर मोजणाऱ्या शहराला हे वेगळं सांगायला नको, पण २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजार परिसरात पाणी शिरलं होतं, आणि तरीही त्या भागात तळमजल्यावर यूपीएस ठेवलेले दिसतात. तिथे पहिला मजला हीच किमान अट.

सर्वांत वरचा मजलाही टाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपर्यंत जातो, तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि ती काढायचं बिल तुम्ही भरता. पश्चिमेची भिंत नको, खिडकी असेल तर विटांनी बुजवा. खोलीच्या वर संडास, पँट्री किंवा पाण्याची टाकी नसावी. बिल्डर "लीकेज होणार नाही साहेब" म्हणतो. ते ऐकून घ्यायचं आणि दुसरी खोली बघायची.

आकार: रॅक ६०० बाय १००० मिलिमीटरचा. समोर १.२ मीटर आणि मागे १ मीटर मोकळं ठेवलं की सव्वातीन मीटर लांबीची खोली लागते. साधारण ११ बाय १२ फुटांत दोन रॅक, यूपीएस आणि डीबी (वीज वाटणारा बोर्ड) नीट बसतात. मागची जागा वाचवण्याचा मोह होतो, पण केबलची सगळी कामं मागूनच होतात. ६०० मिलिमीटरच्या खाली गेलात तर माणूस आडवा होऊनच काम करणार. दरवाजा बाहेर उघडणारा, तीन फूट रुंद, सात फूट उंच. ४२ यूचा रॅक दोन मीटरचा असतो, तेव्हा लिफ्ट आणि जिन्याचं वळणही टेपने मोजून घ्या.

वजनाकडे कुणी बघत नाही. १२ व्होल्ट ६५ अँपिअर-तासाची एक एसएमएफ (पाणी न घालावी लागणारी सीलबंद) बॅटरी २० किलोच्या आसपास भरते. अशा ३२ एका स्टँडवर चढवल्या की सहाशे किलोच्या पुढे गेलात. ऑफिसचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २५० ते ४०० किलो धरून काढलेला असतो. त्यामुळे बॅटरी स्टँड बीमच्या वर घ्या, पाय रुंद पट्टीवर ठेवा आणि जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

दुसरा टप्पा: भाराचा हिशेब

यंत्राच्या मागे छापलेला आकडा जोडत बसलात तर दुप्पट मोठा यूपीएस घ्याल. खरा वापर धरा. आपल्या उदाहरणात तीन सर्व्हर प्रत्येकी ४५० वॅट म्हणजे १३५०, स्टोरेज ५००, कॅमेऱ्यांना वीज पुरवणारे दोन पीओई स्विच मिळून ५००, फायरवॉल-राउटर-मुख्य स्विच ३००, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा एनव्हीआर १५०. बेरीज २८०० वॅट. पुढच्या चार-पाच वर्षांसाठी ४० टक्के वाढ धरली की ३९२०, म्हणजे ४ किलोवॅट. यापुढचे सगळे हिशेब या दोन आकड्यांवर: आजचे २.८ आणि उद्याचे ४.

यूपीएस ऑनलाइन, डबल कन्व्हर्जनचाच घ्या, म्हणजे सगळी वीज सतत स्वतःमधून नव्याने बनवून देणारा. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावतात तो लाइन इंटरॅक्टिव्ह इथे नको. दोन स्वतंत्र यूपीएस, प्रत्येकी ६ केव्हीए. पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी खरे किलोवॅट किती मिळतात ते प्रमाण) ०.९ असेल तर एकाची क्षमता ५.४ किलोवॅट, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा पूर्ण ४ किलोवॅट उचलतो आणि तरी श्वास घ्यायला जागा राहते. कोटेशनमध्ये फक्त केव्हीए लिहिलेलं असतं. पॉवर फॅक्टर विचारा, ०.८ वाला ४.८ वर संपतो.

बॅटरी किती? इथे पतसंस्थांच्या संचालक मंडळाशी माझा हमखास वाद होतो. त्यांना चार तासांचा बॅकअप हवा असतो. पण लाइट गेली की एसीही बंद पडतो, आणि छोट्या बंद खोलीत तीन-चार किलोवॅटचे सर्व्हर चालू राहिले तर काही मिनिटांतच तापमान चढू लागतं. बॅटरी चार तास टिकली तरी सर्व्हर त्याआधीच गरम होऊन स्वतःला बंद करतील. त्यापेक्षा ३० मिनिटांची बॅटरी, एसीसकट खोलीला जनरेटर, आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर शिस्तीत बंद करणारं सॉफ्टवेअर. पैसे याच वाटणीत लावा.

बॅटरीचं गणित करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १२ व्होल्ट २६ अँपिअर-तासाच्या १६ बॅटऱ्या कागदावर ४९९२ वॅट-तास दाखवतात. तो आकडा संथ उपशाचा आहे. अर्ध्या तासात उपसायला गेलात तर त्यातला बराच भाग हाती लागत नाही. म्हणून बॅटरी कंपनीचा डिस्चार्ज तक्ता मागा आणि तुमच्या वॅटला किती मिनिटं मिळतात ते त्यातच वाचा. शिवाय लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं. दर १० अंशांच्या वाढीला ते साधारण निम्मं होतं, त्यामुळे बॅटऱ्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणं हा महागडा सौदा आहे.

तिसरा टप्पा: मेन पॅनेलपासून खोलीपर्यंत

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठ्याबाबतचे २०२३ चे नियम, वायरिंगसाठी भारतीय मानक आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ यांची नावं वर्क ऑर्डरमध्ये लिहा. "आयएसप्रमाणे काम" एवढंच लिहिलं तर भांडणाच्या वेळी काही उपयोग होत नाही. जनरेटर नवीन असेल तर विद्युत निरीक्षक कार्यालयाची परवानगी आणि तपासणी कोण करून घेणार, तेही याच कागदावर.

खोलीला मेन पॅनेलमधून स्वतंत्र फीडर काढा. वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर किंवा लिफ्ट ज्या डीबीवर आहे तिथून टॅप घेऊ नका. फीडर जमिनीतून येत असेल तर आर्मर्ड केबल ७५० मिलिमीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा किंवा टाइल, त्यावर इशाऱ्याची पट्टी. आर्मर (केबलवरचं पोलादी कवच) दोन्ही टोकांना ग्लँडमधून, म्हणजे केबल पकडणाऱ्या धातूच्या बुचातून, अर्थला जोडलेलं हवं. ग्लँड न लावता केबल नुसती भोकातून आत ओढलेली दिसली तर तिथेच काम थांबवा.

आता यूपीएसची इनपुट वायर. ६ केव्हीएचा यूपीएस पूर्ण भारावर असताना व्होल्टेज २०० पर्यंत उतरलं आणि बॅटरीही चार्ज होत असेल तर ३४ अँपिअरच्या आसपास ओढतो. ४० अँपिअरचा एमसीबी आणि १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. वायरमन म्हणेल ६ ची चालते. मोकळ्या हवेत एकटी असेल तर चालेलही, पण उन्हाळ्यात, कंड्युटमध्ये, इतर वायरींच्या गर्दीत तिची क्षमता उतरते. २५ मीटरच्या अंतरावर १० चौरस मिलिमीटरमध्ये व्होल्टेज पावणेचारच्या आसपास पडतं, म्हणजे दीड टक्क्यापेक्षा थोडं जास्त. उगमापासून शेवटच्या पॉइंटपर्यंत एकूण ५ टक्क्यांची मर्यादा असते. मी खोलीच्या फीडरला २ टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही.

खोलीत दोन छोटे डीबी: एकावर ए, दुसऱ्यावर बी, वेगळ्या रंगात. प्रत्येक रॅकला दोन पीडीयू (रॅकमधली सॉकेटची पट्टी), एक ए वरून, एक बी वरून, प्रत्येकाला स्वतंत्र १६ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर. सर्व्हरच्या दोन पॉवर सप्लायपैकी एक ए ला, एक बी ला. इथे हमखास गफलत होते. ए वर १० अँपिअर आणि बी वर १० अँपिअर दिसतात, दोन्ही १६ च्या आत, सगळं छान वाटतं. एक यूपीएस गेला की दुसऱ्या बाजूवर २० येतात आणि तोही एमसीबी पडतो. म्हणून नियम असा, की एका रॅकच्या ए आणि बी ची बेरीज १६ च्या ८० टक्क्यांत, म्हणजे १२.८ अँपिअरच्या आत राहिली पाहिजे. आपले ४ किलोवॅट दोन रॅकमध्ये वाटले तर रॅकला पावणेनऊ अँपिअर येतात, चिंता नाही.

अर्थ लीकेजचं संरक्षण नियमानेच लागतं, पण अख्ख्या खोलीला एकच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावू नका. प्रत्येक पॉवर सप्लायमधून थोडा करंट अर्थमध्ये झिरपतच असतो, दहा-बारा एकत्र आले की काही दोष नसताना ट्रिप होतो. पीडीयूगणिक वेगळा ठेवा, इलेक्ट्रॉनिक भारासाठीचा टाइप ए मागा.

आणि सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून संरक्षण. वळवाच्या पावसात इथे विजा कशा कडाडतात ते सगळ्यांना माहीत आहे. मेन पॅनेलवर टाइप १ अधिक २, खोलीच्या डीबीवर टाइप २. पण डबी बसवली म्हणजे झालं असं नाही. तिच्या फेज आणि अर्थकडच्या वायरींची लांबी मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी. व्यवस्थित दिसावं म्हणून वायरमन त्यांना छान वळसे घालून बांधतो, आणि त्या वळशांतच संरक्षण संपतं.

चौथा टप्पा: अर्थिंग

यावर सगळ्यांत जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

नाशिकच्या जमिनीत वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. कुठे माती दहा फूट मिळते, कुठे तीन फुटांवर पहार टणकन वाजते. कोटेशनमध्ये "केमिकल अर्थिंग, ३ मीटर" लिहिलेलं असतं. खडक लागला की रॉड कापून दीड मीटरचा गाडला जातो आणि वर कव्हर बसलं की कुणाला दिसत नाही. म्हणून रॉड गाडताना स्वतः उभे राहा, निदान फोटो टेपसकट मागा. खडक लागलाच तर खोलीऐवजी लांबी वापरा: चर खणून जीआय किंवा तांब्याची पट्टी आडवी टाका, किंवा दोन-तीन रॉड विखरून गाडून जोडा. दोन रॉडमधलं अंतर रॉडच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ३ मीटरच्या रॉडला ६ मीटर. एका खड्ड्याशेजारी लगेच दुसरा खणला तर दुसऱ्याचे पैसे जवळपास वाया.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडपासून सुटते. म्हणून रॉडभोवती बेंटोनाइटसारखं ओल धरणारं मिश्रण भरतात. ऑगस्टमध्ये घेतलेलं रीडिंग बघून खूश होऊ नका, खरी परीक्षा मे महिन्यात. त्यातही जुनी युक्ती अशी, की मोजायला येण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलेलं असतं. "साहेब, ०.८ आलं बघा!" कव्हर उचलायचं, माती ओली दिसली तर म्हणायचं, "दादा, परवा येतो, तोवर पाणी नका घालू."

मोजणी तीन खुंट्यांच्या पद्धतीने करून घ्या. करंटची खुंटी रॉडपासून ३० मीटरच्या आसपास, व्होल्टेजची खुंटी त्याच रेषेत ६२ टक्के अंतरावर, म्हणजे साडेअठरा मीटरवर. ती थोडी मागे-पुढे करूनही रीडिंग फारसं हललं नाही तरच ते खरं. मोजताना त्या रॉडची पट्टी बाकीच्या अर्थिंगपासून सोडवलेली हवी.

आता मुख्य गैरसमज. सर्व्हर पुरवठादार सांगतो, "आम्हाला वेगळं अर्थिंग पाहिजे, इलेक्ट्रिकलशी जोडू नका." वायरमन इमानदारीत वेगळा खड्डा खणतो आणि त्याची वायर थेट रॅकला आणून बांधतो. वरवर शुद्ध वाटतं, पण हे धोक्याचं आहे. वीज जवळपास पडली की दोन खड्ड्यांमधल्या जमिनीत हजारो व्होल्टचा फरक तयार होऊ शकतो आणि तो नेमका तुमच्या सर्व्हरमधून आणि नेटवर्क पोर्टमधून रस्ता काढतो. शिवाय सर्व्हरच्या बॉडीवर फेज आला तर करंट मातीतून फिरून न्यूट्रलकडे जाणार. त्या वाटेच्या अडथळ्यामुळे तो इतका कमी होतो की एमसीबी पडतच नाही. खड्डा वेगळा खणा, हरकत नाही, पण सगळे खड्डे एका मुख्य अर्थ बारवर जोडलेच पाहिजेत. रॅक, ट्रे, यूपीएसची बॉडी, एसीचा पाइप, फॉल्स फ्लोअरचे पाय, सगळं त्या बारच्या कुटुंबात. पुरवठादार १ ओहम मागतो, ठीक आहे, गाठायचा प्रयत्न करा. पण दोन ओहम आणि उत्तम जोडणी ही स्थिती अर्धा ओहम आणि सुटा खड्डा यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

रॅकला बारपासून १६ चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी वायर. लग (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा डोळा) नीट क्रिम्प केलेला. रॅकच्या पत्र्यावरचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा. रंगावरच बोल्ट आवळलेला असेल तर ती जोडणी फक्त फोटोसाठी आहे.

मग न्यूट्रल. पीडीयूच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. २ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर न्यूट्रल बारीक आहे, कुठेतरी सैल आहे किंवा एखाद्या फेजवर भार एकवटलाय. यूपीएसच्या आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या पुढे न्यूट्रल एकदा, आणि एकदाच, अर्थला जोडावा लागतो. नाहीतर तो तरंगत राहतो. ही जोडणी यूपीएसवाल्याने करायची की वायरमनने, यावर हमखास टोलवाटोलवी होते. वर्क ऑर्डरमध्ये यूपीएसवाल्याच्या नावावर लिहा आणि वायरमनला ती तपासायला लावा.

एक इशारा: थ्री फेज पॅनेलमधला न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवरच्या २३० च्या जागी ४०० च्या दिशेने व्होल्टेज चढतं आणि त्यावरचं सगळं जळतं. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बारला साध्या लगने जोडलेली असेल तर ती जागा गंजते, तापते, सैल होते. तिथे बायमेटॅलिक लग लावा. ओव्हर व्होल्टेज तोडणारा रिले खर्चाच्या मानाने फार स्वस्त आहे.

पाचवा टप्पा: डेटा केबल

रंगकाम आणि फॉल्स सीलिंगच्या आधी ट्रे बसला पाहिजे. पॉवर आणि डेटाचे ट्रे वेगळे, समांतर जात असतील तर ३०० मिलिमीटर अंतर, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. ट्रेचे तुकडे एकमेकांना तांब्याच्या पट्टीने जोडून अर्थ करा. ट्रे निम्माच भरा, उरलेला उद्यासाठी. भिंत ओलांडली तिथे फायर सीलंट भरा. आगीबरोबर उंदीरही थांबतात.

केबल घेताना खोका हातात घ्या. ३०५ मीटरचा कॅट ६ चा खोका संशयास्पद हलका लागला तर एक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियमवर चढवलेलं तांबं आहे. स्वस्त असतं, टेस्टरवर चालतंही, पण पीओईवर कॅमेऱ्याला ३० वॅट द्यायला गेलात की तापतं आणि टोकाला ठिसूळ होऊन तुटतं. शुद्ध तांबं आणि कमी धुराचं, हॅलोजनमुक्त आवरण, असं नेमकं लिहून मागा.

मर्यादा अशा: भिंतीतली कायमची केबल ९० मीटर, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०, एकूण १००. कॅट ६ वर १० गिगाबिट जास्तीत जास्त ५५ मीटरपर्यंत. पूर्ण १०० मीटर हवे असतील तर कॅट ६ए. रॅकमधल्या रॅकमध्ये कॅट ६ए किंवा फायबर घ्या, टेबलांपर्यंत कॅट ६ पुरतं. केबल ओढताना जोर ११ किलोच्या आत, वळण केबलच्या जाडीच्या चौपट. केबल टायने करकचून बांधू नका, वेलक्रो वापरा.

पंचिंग करणाऱ्या, म्हणजे केबलच्या तारा सॉकेटमध्ये ठोकून बसवणाऱ्या पोराच्या शेजारी पाच मिनिटं उभे राहा. तो आवरण दोन इंच सोलतो, चारही जोड्या पार उलगडून सरळ करतो, रंग लावतो, खाटखाट पंच मारतो. दिसायला सुरेख. पण जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडला की एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत शिरतो. "सर, टेस्टरवर आठही लाइट लागले की!" लागणारच. तो टेस्टर फक्त तारा जोडल्या आहेत का एवढंच सांगतो. क्रॉसटॉक, रिटर्न लॉस आणि लांबी मोजणाऱ्या यंत्रावर प्रत्येक पॉइंटचा सर्टिफिकेशन रिपोर्ट घ्या. भाड्याने मिळतं, आणि रिपोर्ट मिळेपर्यंत पैसे थांबवा.

एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाताना तांब्याची केबल टाकूच नका, अंतर ४० मीटर असलं तरी. दोन इमारतींचं अर्थ वेगळं असतं आणि वीज पडली की तीच केबल पूल होते. तिथे सिंगल मोड फायबर टाका. धातूचं आर्मर असलेली फायबर असेल तर इमारतीत शिरतानाच आर्मर अर्थ करा.

इंटरनेटच्या दोन लाइन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या आणि दोन वेगळ्या बाजूंनी इमारतीत आणा. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते खणले जात असताना एकाच चरातून आलेल्या दोन लाइन एकाच जेसीबीच्या फटक्यात जातात.

केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर, छापील लेबलवर. पेनने लिहिलेलं वर्षभरात उडतं.

सहावा टप्पा: एसी आणि आग

आज २.८ किलोवॅट यंत्रांचे, यूपीएसच्या तोट्याचे आणि भिंतींतून येणाऱ्या उष्णतेचे मिळून साधारण १.४ धरले की ४.२ किलोवॅट. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, तेव्हा १.२ टन लागतो. पण घरगुती स्प्लिटची सगळी ताकद हवा थंड करण्यात जात नाही, काही भाग ओल काढण्यात जातो. सत्तर-बहात्तर टक्के धरले तर पावणेदोन टनांच्या जवळ. म्हणजे एक दोन टनी चालू, दुसरा राखीव, दर काही तासांनी पाळी बदलणारा टायमर. भार ४ किलोवॅटकडे सरकला की सव्वादोन टन लागतील आणि एक पुरणार नाही. त्यासाठी तिसऱ्या एसीची कॉपर पाइप, ड्रेन आणि पॉइंट आत्ताच काढून ठेवा.

तापमान १८ वर नेऊन खोलीचा फ्रीज करू नका. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश चालतात. २४ वर ठेवा आणि सेन्सर रॅकच्या समोर, वरच्या तिसऱ्या भागात लावा. इनडोअर युनिट किंवा ड्रेन रॅकच्या किंवा डीबीच्या वर येता कामा नये. हे ड्रॉइंगवर एसीवाल्याकडून सही करून घ्या, तोंडी सांगितलेलं तिथे पोचत नाही.

आगीसाठी कोरड्या पावडरचं सिलिंडर खोलीबाहेर ठेवा, आत फवारलं तर आगीतून वाचलेले सर्व्हर पावडरने जातील. आत क्लीन एजंट, म्हणजे मागे काही अवशेष न ठेवणारा वायू. बंद छोट्या खोलीत कार्बन डायऑक्साइड भरपूर सोडला तर माणसाचा जीव गुदमरतो, तेव्हा ऑटोमॅटिक यंत्रणेत तो टाळा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते जानेवारी व जुलैत नूतनीकरण करून द्यावं लागतं. इमारतीच्या त्या फाइलमध्ये ही खोली धरली आहे का ते बघा.

सातवा टप्पा: चाचणी आणि पैसे

वायरिंगच्या इन्सुलेशनची मेगर चाचणी ५०० व्होल्टवर, रीडिंग किमान १ मेगाओहम. त्याआधी सर्ज प्रोटेक्टर आणि यूपीएस सुटे करा, नाहीतर मेगरच त्यांना मारेल. मग रॅकमध्ये सर्व्हरऐवजी हीटर लावून भार द्या आणि दोन तासांनी थर्मल कॅमेऱ्याने प्रत्येक लग बघा. शेजारच्यापेक्षा ठळक गरम दिसला तो सैल आहे.

त्यानंतर मुद्दाम बिघाड करा. महावितरणचा मेन खाली करा: जनरेटर उचलतो का, एसी आपोआप परत सुरू होतात का? बऱ्याच एसींना लाइट आल्यावर रिमोट दाबावा लागतो, आणि रात्री दोन वाजता रिमोट दाबायला कुणी नसतं. यूपीएस ए बंद करा. चालू एसी बंद करा. हे सगळं तिन्ही ठेकेदार एकाच वेळी हजर असताना. एकटा असला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, समोरासमोर असले की दहा मिनिटांत उत्तर निघतं.

शेवटच्या बिलातले दहा टक्के तिघांचेही राखून ठेवा आणि सोडण्याच्या अटी लिहा: वायरमनचे मे महिन्यातल्या अर्थिंगच्या कोरड्या रीडिंगवर, नेटवर्कवाल्याचे सर्टिफिकेशन रिपोर्ट आणि केबल यादीवर, एसीवाल्याचे एक पूर्ण उन्हाळा पाळी न चुकवता चालल्यावर. सिंगल लाइन ड्रॉइंगची एक प्रत लॅमिनेट करून डीबीच्या दाराच्या आतून चिकटवा, आणि तिच्यावर कोणता एमसीबी कोणत्या पीडीयूचा ते मराठीत लिहा, रात्रपाळीच्या वॉचमनला वाचता येईल असं.